मंगळवारची सुई

परवा मुलीच्या शाळेतून निरोप आला. लस टोचायला सिस्टर शाळेतच येणार, पालकांनी फक्त मुलांना नाश्ता करून पाठवायचं. बेळगावातल्या आमच्या शेजारणीने लगेच नाक मुरडलं, 'शनिवारी ठेवायला काय झालं होतं?' मला आधी हसू आलं आणि मग, खरं सांगते, भरून आलं. ही मुलगी नऊ महिन्यांची होती तेव्हा तिच्या एका लशीसाठी आमच्या वाडीत भर देवळात वाद झाला होता.

माझं सासर खानापूर तालुक्यात, गुंजीच्या पुढे रानाच्या कडेला. मोठं गाव ओढ्याच्या त्या बाजूला, आमची वाडी या बाजूला. उपकेंद्र, शाळा, दूध डेअरी सगळं तिकडे. उन्हाळ्यात चपला हातात घेऊन ओढा पार करायचा, त्यात मजाच असायची. आषाढात मात्र ओढ्याला पूर यायचा आणि आमचे आम्ही उरायचो. तिकडच्या पोरांना दारात लस, आमच्या पोरांनी ओढा उतरायची वाट बघायची. याला कुणी अन्याय वगैरे म्हणत नव्हतं. पाऊसच असा, म्हणायचे आणि कामाला लागायचे. मला शहरातून आलेलीला याचा भारी राग यायचा, पण नव्या सुनेच्या रागाला विचारतो कोण!

त्या वर्षी रानातल्या शेजारच्या वाडीत गोवर आला. माझ्या मुलीची गोवराची लस नेमकी तेव्हाच द्यायची होती आणि ओढा तर दोन्ही काठ भरून चाललेला. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तिच्या अंगावर घामोळं दिसलं तरी मी तिला उजेडात नेऊन बघायची.

सासूबाईंनी मला फोन लावायला लावला. उपकेंद्रातल्या सिस्टर कानडी, मराठी बोलायच्या ती आपल्या चालीने. "मी येतो की अक्का, जीपने लांबून वळसा घालून येतो," त्या म्हणाल्या. गुरुवार ठरला.

आणि गुरुवारी आम्ही काय केलं? सगळ्याजणी रोप लावायला गेलो. आमच्याकडे लावणी पैऱ्याने होते, म्हणजे आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. पाणी भरलेलं शेत थांबत नाही आणि पैरा मोडला तर वर्षभर तोंड दाखवायची सोय नाही. घरी कुणीतरी थांबेल आणि सिस्टर आल्या की हाक मारेल, असं प्रत्येकीने धरून चाललं. पोरं बांधावर पानांच्या इरल्याखाली निजवली. सिस्टर बर्फाची पेटी घेऊन देवळाच्या पायरीवर बसल्या, बंद दारं बघितली आणि निघून गेल्या. संध्याकाळी हे कळलं तेव्हा मी चुलीपुढे बसून रडले.

"रडून काय गोवर थांबतोय?" सासूबाई म्हणाल्या. मग चुलीत लाकूड सारून, "मंगळवारी बोलीव तिला. मंगळवारी कोण जातंय शेतात?"

आषाढातले मंगळवार आमच्या वाडीत वार पाळतात. त्या दिवशी कुणी शेतात पाऊल टाकत नाही, नांगर-खुरप्याला हात लावत नाही. देवीचा दिवस. वाडीतलं झाडून सगळं माणूस घरात सापडणार ते याच दिवशी. इतकी साधी गोष्ट माझ्या शिकलेल्या डोक्यात आली नव्हती!

पण सासूबाई देवळात हे सांगायला गेल्या, तर तिथे बसलेले वाडीतले जाणते आप्पा अडून बसले. "वारादिवशी लोखंड लावायचं न्हाय, ठावं न्हाय व्हय तुला?"

"जमिनीला लावायचं न्हाय, आप्पा. पोराच्या अंगाला कुठं म्हटलंय?"

"सुई बी लोखंडच की."

"आणि गेल्या मंगळवारी हितंच बसून सुपारी कातरत हुतासा, त्यो अडकित्ता काय लाकडाचा हुता?"

सगळी हसली. आप्पाही हसले, पण उठताना म्हणालेच, "करा जावा. काय वंगाळ झालं तर तुझ्यावर बघ."

"माझ्यावर," सासूबाई म्हणाल्या.

सिस्टरनी आधी खूप आढेवेढे घेतले. "ह्या टायमाला दार बंद दिसलं तर मी परत येत नाही बघा," असा दम भरूनच आल्या. दारं सताड उघडी होती. पोरांना न्हाऊमाखू घालून, काजळ-तीट लावून बायका देवळाच्या ओसरीवर बसलेल्या. पहिली माझीच मुलगी. सासूबाईंनी तिचे पाय धरले, मी तोंड फिरवलं. मग एकामागून एक पोरांनी असा सूर लावला की देवीच्या आरतीला तेवढा आवाज कधी झाला नसेल. आप्पा लांबून बघत होते.

दिवस कलताना मुलीचं अंग तापलं. लशीने ताप येतो हे सिस्टर सांगून गेल्या होत्या, मला पुस्तकातूनही ठाऊक होतं. तरी शेजारघरची एक बाई दारातून हळूच म्हणाली, "वार मोडला न्हवं," आणि मी मुलीला मांडीवर घट्ट धरून बसले. इतकं शिकून मी घाबरले, त्याची लाज नंतर वाटली; त्या वेळी फक्त भीती वाटत होती.

सासूबाईंनी मुलीला माझ्या मांडीवरून उचललं आणि थेट देवळात नेलं. मी मागोमाग. ओसरीवर आप्पा आणि दोन-चार माणसं होती. त्यांच्याकडे न बघता त्या देवीपुढे उभ्या राहिल्या.

"आई, वार मोडला असंल तर मी मोडलाय. काय दंड घालायचा त्यो मला घाल. पोरीचा ताप सुईचा हाय, तुझा न्हवं. सकाळी उतरंल. न्हाय उतरला तर मग आपण दोघी बघू."

आप्पांनी उठून अंगाऱ्याची चिमूट मुलीच्या कपाळाला लावली आणि मला म्हणाले, "जा गं पोरी, दूध पाज तिला."

सकाळी मुलीचं अंग गार होतं. ती माझी बांगडी ओढून खेळत होती. सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवून खात्री केली, इरलं घेतलं आणि पैऱ्याला निघाल्या. मला वाटलं, सरळ शेतात जातील. पण त्या वाटेत देवळाशी थांबल्या, आत न जाता दारातूनच म्हणाल्या,

"उतरला गं. आता पुढच्या मंगळवारी त्या रानातल्या वाडीची पोरं बी हितंच आणतो."