छातीच्या फोटोतला डाग

इंग्लंडच्या एका विद्यापीठात माझी निवड झाली ती क्षारपड जमिनीच्या अभ्यासासाठी. आमच्या कडेगावकडच्या उसाच्या रानांत पांढरी फुटलेली माती मी लहानपणापासून बघत आले होते, त्यामुळे विषय शोधावा लागला नाही. शिष्यवृत्तीही मिळाली. आबा, माझे वडील, फौजेतून रिटायर होऊन शेती बघायचे. बातमी ऐकून त्यांनी गावभर पेढे वाटले आणि आपली जुनी लोखंडी ट्रंक माझ्यासाठी रंगवून घेतली. विमानात ट्रंक नेत नाहीत, हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं.

व्हिसासाठी शेवटचा राहिला होता तो टीबी नसल्याचा दाखला. त्यात काही नसतं, छातीचा फोटो काढतात आणि दाखला देतात, असं सगळेच म्हणाले. म्हणून ऑगस्टात आबा आणि मी निवांत पुण्याला गेलो.

फोटो बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “फुप्फुसावर जुना डाग दिसतोय. पूर्वी टीबी झाला होता का?”

“नाही,” मी म्हणाले.

“लहानपणी?”

“कधीच नाही.”

शेजारच्या खुर्चीत आबा होते. कुठल्याही साहेबासमोर ताठ बसणारा माणूस, पण त्या वेळी टेबलावरच्या पेनकडे बघत राहिला.

आता तीन दिवस सकाळची थुंकी द्यावी लागणार होती. त्यात जंतू वाढतात का ते बघायला दोन महिने लागणार होते, आणि त्याशिवाय दाखला नाही. विद्यापीठात हजर व्हायची तारीख त्याच्या कितीतरी आधी होती. बाई हळहळून म्हणाल्या, “या डागाचं आधी माहीत असतं, तर उन्हाळ्यातच तपासणी उरकली असती.”

बाहेर आलो. आबा रस्ता ओलांडून रसाच्या गाड्यापाशी थांबले, पण रस मागवला नाही.

“तुला झालता,” ते म्हणाले. “तिसरीत हुतीस. मिरजेला मावशीकडं ठेवलीती, तवा.”

मिरजेचे ते महिने माझ्या आठवणीत लाडाचे होते. रोज अंडं, दूध, आणि ताकदीच्या म्हणून गोळ्या. लघवी लाल व्हायची. मी घाबरले की मावशी म्हणायची, बीट खाल्लंस ना, म्हणून.

“मला का नाही सांगितलं?”

“तुझी आई म्हणली, पोरीची जात, उद्या लग्नाला आडवं येईल. मला पटलं न्हवतं, पर गप बसलो. मग तू अशी धडधाकट झालीस, आमी इसरूनच गेलो.”

“आणि मघाशी?”

“मघाशी तोंडच उघडलं न्हाई गं.”

तीन सकाळी पुण्यातल्याच चुलतभावाच्या घरून जाऊन थुंकी देऊन आले आणि आम्ही परतलो. आईला सगळं कळल्यावर ती आधी आबांवरच धावून गेली. “आवं, पन तिला कशाला सांगितलं तुमी?” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मी काय तुजं वंगाळ चिंतलं व्हय?” पुढे बरेच दिवस आमचं बोलणं जेवायला वाढण्यापुरतंच राहिलं. आता वाटतं, त्या दिवसांत तिच्याशी भांडले असते तरी बरं झालं असतं.

तपासणी स्वच्छ निघाली. दाखला आला तेव्हा तिकडे वर्ग भरून बरेच दिवस झाले होते. ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली काम करायचं होतं, त्यांनी माझी जागा दुसऱ्याला दिली. त्यांचाही नाइलाज होता. पुढल्या वर्षी दुसरीकडे प्रवेश मिळवला, पण त्या वेळी व्हिसाच नाकारला गेला. माझ्या हेतूबद्दल व्हिसा देणाऱ्यांची खात्री पटली नाही. तिसऱ्यांदा अर्ज करायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. सांगलीत माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. काम चांगलं आहे. शेतकरी पिशवीतून माती आणतात, मी त्यांना खारं पाणी निचरायला चर कुठे काढायचे ते सांगते. जे शिकायला निघाले होते, त्यातलं थोडंच मला येतं, हेही मला रोज कळतं.

गेल्या हिवाळ्यात सुट्टीला घरी गेले होते. उसाला पाणी चालू होतं. आबा दारं धरून, एकेका सरीत पाणी वळवत उभे होते. मध्येच म्हणाले, “आदी सांगितलं असतं तर गेली असतीस, न्हवं?”

“नसते गेले, आबा. नियमच तसा होता.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंचं ‘आधी माहीत असतं, तर’ हे बोलणं त्यांनीही ऐकलं होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

“पाणी फुटलं बग तिकडं,” असं म्हणत ते फावडं घेऊन सरीतून चालू लागले. वाफ्यात कुठेच पाणी फुटलेलं नव्हतं. मी बांधावरच थांबले.