अठरा दिवस कुठून आले?

"सॅम्पल घेऊ नका," मी लॅबच्या माणसाला म्हणाले. तो दिंडोरीजवळच्या बागेत पिशवी उघडून उभा होता. बाग शोभाताईंची. मी एका द्राक्ष एक्स्पोर्ट कंपनीत क्वालिटीचं काम बघते, आणि त्यांच्या फवारणीच्या वहीत शेवटचं बुरशीनाशक वीस दिवसांपूर्वीचं होतं.

औषध मारल्यापासून घड खुडेपर्यंत जितके दिवस थांबावं लागतं, त्याला आम्ही पीएचआय म्हणतो. आमच्या छापील यादीत या औषधाला तीस दिवस आहेत. त्याआधी सॅम्पल घेतलं तर द्राक्षाच्या मण्यात औषधाचा अंश सापडू शकतो. आणि आमच्या कंपनीत सॅम्पल एकदा फेल झालं की त्या हंगामात तो प्लॉट एक्स्पोर्टला जात नाही.

"तुमच्याच अ‍ॅपनं अठरा सांगितले मॅडम," शोभाताईंनी मोबाइल पुढे केला. "परवा खुडणाऱ्या मजुरांची टोळी येणार हाय. ती काय माझ्यासाठी थांबणार हाय का?"

मी माझ्या फोनवरून तोच प्रश्न विचारला. अठरा. हंगामाच्या सुरुवातीला मी हेच विचारलं होतं, तेव्हा तीस आले होते. स्क्रीनशॉट होता.

आमच्या कंपनीनं बागायतदारांना दिलेलं हे अ‍ॅप भाषेच्या मॉडेलवर चालतं. म्हणजे भरपूर मजकूर वाचून उत्तरं रचायला शिकलेला प्रोग्राम. आमचं मॉडेल वापरात आल्यावरही शिकत राहतं, असं विकणाऱ्यांनी कौतुकानं सांगितलं होतं. मला ते कौतुक तेव्हाही पटलं नव्हतं. पुण्याच्या त्यांच्या इंजिनिअरला बांधावरूनच फोन लावला.

"मॅडम, मॉडेल युजर फीडबॅकवरून सुधारतं."

"तीसचे अठरा झाले, ही सुधारणा?"

"बऱ्याच युजर्सनी तीसला 'चूक' दाबलंय. अठराला लाइक आहेत."

"कोणी दाबलंय, ती यादी पाठवा."

यादी आली. सगळे आमचेच बागायतदार, आणि बहुतेकांनी एकाच आठवड्यात बटण दाबलेलं. तो टोळ्या ठरवायचा आठवडा. पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्यांच्या तारखा तीनेक आठवडे आधी लागतात. तारीख हुकली की टोळी पुढच्या बागेत. एकानं तर लिहिलं होतं, 'आमच्याकडं अठराला चालतं.' त्याला फोन केला.

"दादा, अठरा कुठून आणले?"

"टोळी तेवढ्याच दिवसांवर होती मॅडम. तीस लय होतात. म्हटलं बघू, ऐकतंय का."

"मग?"

"ऐकलं ना!" तो हसायला लागला.

"तुम्ही स्वतः अठराला खुडणार?"

"छे! मी ते औषधच नाय मारलं मग."

आमच्या मॅनेजरसाहेबांना एक्स्पोर्टचा कंटेनर भरायची काळजी. "वीस दिवस झालेत. पास होईलही."

"आणि फेल झालं तर? त्यांची बाग हंगामभर बाहेर. तुम्ही लेखी द्या, मी सॅम्पल घेते."

त्यांनी लेखी दिलं नाही.

शोभाताईंच्या बागेतलं सॅम्पल थांबलं. टोळी शेजारच्या बागेत गेली. तेवढ्यात दुसऱ्या गावच्या एका प्लॉटचा रिपोर्ट आला. तेच औषध, अ‍ॅपच्या भरवशावर एकोणीस दिवसांनी घेतलेलं सॅम्पल. फेल. तो बागायतदार ऑफिसात येऊन मला म्हणाला, "मॅडम, माझ्याकडं का नाय आलात?"

शोभाताईंचं सॅम्पल एकतिसाव्या दिवशी घेतलं. पास झालं. तोवर काही घड नरम पडले होते, ते लोकल मार्केटला गेले. बाकीचा माल कंटेनरमध्ये. नवी टोळी त्यांनीच शोधली, आणि ते मला दोनदा ऐकवलं.

आता दिवसांचा आकडा अ‍ॅप थेट छापील यादीतून उचलतं, तिथे बटण चालत नाही. बाकीच्या बाबतीत ते अजून शिकतंच आहे. म्हणून दर सोमवारी मी त्याला तेच वीस प्रश्न विचारते आणि उत्तरं मागच्या आठवड्याच्या कागदाशी ताडून बघते.

"हे किती दिवस करणार?" मॅनेजरसाहेबांनी परवा विचारलं.

"ते शिकतंय तोपर्यंत," मी म्हटलं.