दोन बोटं जास्तीचं

गिऱ्हाइकं तिला पाठीमागे 'दोन बोटं' म्हणायची. कपडे दुरुस्त करून द्यायचा तिचा धंदा, आणि चाळीस वर्षांत एकही कपडा तिने नेमका कापला नव्हता. शिवणीच्या आत दोन बोटं कापड दुमडून ठेवायचीच. माणूस सुटतं, पोर वाढतं, कापड आटतं. "उसवून सोडता येतं," ती म्हणायची, "कापलेलं कुठून आणायचं?"

समोरच्या मशीनवर धाकटी बहीण. खोली एवढीशी, की एकीने पाय ताणला तर दुसरीचं पायडल अडायचं. मधे इस्त्रीचं टेबल, वर दोरीला टांगलेले लोकांचे कोट. दुपारी वाफेने काच धुरकटली की बाहेरचा रस्ता विरघळून जायचा आणि कोट उगाचच हलायचे, जणू आतली माणसं नुकतीच निघून गेलीत. त्या वेळी दोघी बोलत नसत. दोन मशीनं बोलायची.

अशाच एका दुपारी थोरलीने खिडकीत सब्जा पेरला. पानांचा वास आवडतो म्हणून, बाकी काही नाही. बोटभर अंतरावर एकेक बी टाका, असं पाकिटावर छापलं होतं. तिने अख्खं पाकीट एका पत्र्याच्या ट्रेमध्ये पालथं केलं. अर्धं वाया जाणार, हे तिने धरूनच ठेवलेलं. पाणी शिंपडल्यावर प्रत्येक काळ्या दाण्याभोवती निळसर बुळबुळीत थेंब फुगला. आठवड्याभराने पाहते तर काय, एकही बी वाया गेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात नाटकगृहाचा कपडेपट सांभाळणारी बाई आली. आली होती बाही आखूड करायला, आणि धाकटीने लावलेली कॉलर उलटीपालटी करून बघत बसली. म्हणाली, "आमच्याकडे या. मोठी खोली आहे, दिवसभर उजेड. मशीन तुमचंच आणा, हाताची सवय मोडायला नको. पण शनिवारपर्यंत सांगा, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल."

"बघते," धाकटी म्हणाली.

थोरलीच्या तोंडात टाचण्या होत्या. बाई गेल्यावरही तिने त्या बराच वेळ काढल्या नाहीत. आई गेली तेव्हा धाकटी अकरा वर्षांची होती. दोन उशांवर बसवून हिनेच तिला सरळ टीप घालायला शिकवलं होतं. त्या उशा अजून माळ्यावर होत्या.

ट्रेमध्ये आता मुंगी शिरायला जागा नव्हती. रोपं उजेडासाठी माना ताणून फिकी पडली होती.

"अक्का, विरळ कर ना. गुदमरलीत बिचारी."

"छान बसलीत की."

"बसलीत कुठे? बसच्या दारात लोंबकळावं तशी एकमेकांच्या अंगावर पडलीत."

"तुला फार कळतं."

"मला नाही, पाकिटाला कळतं. छापलंय त्याच्यावर."

"दोन दिवस थांब. सावरतील."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं, कपडेपटाचं काही निघेल म्हणून वाट पाहिली, आणि दोरा ओवायला घेतला.

गुरुवारी दुपारी एका झग्याची किनार घालता घालता थोरलीचा डोळा लागला. रोपं माणसाएवढी झाली होती. तिनेच शिवलेले कपडे घालून, एकमेकांच्या बाह्या धरून सगळी या खोलीत उभी होती. कोणी ढकलत नव्हतं, कोणी तक्रार करत नव्हतं. नुसती दाराकडे बघत होती. आणि दारात कोण, तर हीच. बाजूला व्हावंसं वाटत होतं, पण तोंडात टाचण्या, आणि पाय पायडलवर शिवून टाकलेले.

जाग आली ती मशीन थांबल्याच्या शांततेने. धाकटी खिडकीशी उभी होती. ट्रेच्या कोपऱ्यातली मूठभर रोपं मुळाशी सुतासारखी बारीक होऊन आडवी पडली होती.

"अक्का, ही गेली. आणि हा रोग पसरतो."

थोरली उठली, कोपरा मातीसकट खरवडून टाकला आणि घमेल्यात कोमट पाणी घेतलं. उरलेल्या मातीचा गड्डा तिने अलगद पाण्यात सोडला. माती सुटली, आणि खाली राहिला पांढऱ्या मुळांचा हा एवढा गुंता.

"ओढू नकोस," ती सवयीने म्हणाली.

"गुंता ओढायचा नाही, सैल करायचा," धाकटीने शाळेतल्या पाठासारखं पुरं केलं. "माहितेय. उशांवर बसून शिकलेय."

दोघी घमेल्यावर वाकल्या. सुईच्या मागच्या टोकाने एकेक मूळ सोडवत, पानाला धरून एकेक रोप वेगळं करत गेल्या. वासाने खोली भरली. कोवळी पानं पाण्यावर तरंगत होती, बोटं पाण्यात सुरकुतत होती. किती वाजले, ते दोघींनाही कळलं नाही. अगदीच दुबळी रोपं थोरलीने दोऱ्याच्या कात्रीने कापली. पहिल्या चार-पाचांना डोळे मिटून. मग धाकटीने त्यातलं एक तोंडात टाकलं, एक तिच्या तोंडात कोंबलं.

"तिखट आहे गं!"

"थोरलीवर गेलंय."

बटणांच्या डब्यात, कान तुटलेल्या कपांत, सगळीकडे रोपं बसली. शुक्रवारी न्यायला आलेल्या प्रत्येक कपड्याबरोबर एक रोप गेलं. शेजारचा किल्लीवाला पँट उलगडून म्हणाला, "नुसती चेन बदलायला दिलेली, वर हे काय?"

"न्या. रोज सकाळी पाणी घाला. आणि एका भांड्यात एकच ठेवा, शहाणपणा करू नका."

"हे तू सांगतेस?" धाकटी हसायची थांबेना.

संध्याकाळी ट्रेमध्ये नऊ रोपं उरली. त्यांच्या मधून काळी माती दिसत होती, आणि तिच्यावर प्रत्येकाची वेगळी सावली.

थोरलीने गळ्यातली टेप काढली. दाराची चौकट मोजली. मग धाकटीचं मशीन, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काय मोजतेस?"

"निघेल," थोरली म्हणाली. "दोन बोटं जागा राहते."

धाकटीचा पाय पायडलवर तसाच थांबला.

"तेल घालून ठेव त्याला रात्रीच," थोरली टेप गुंडाळत म्हणाली. "उद्या शनिवार. तिथे जाऊन कुरकुरलं तर नाव माझं जाईल."