वाट लावणारी टोळी

दुपारी पळसाखाली भाकरीचं फडकं सोडलं, की कोणी ना कोणी तोंड उघडायचंच! आमच्या टोळीचे किस्से असे साठलेत, की आजही सेलूच्या बसस्टँडवर दोघं भेटलो तर बस सुटते, गप्पा सुटत नाहीत.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी जंगलखात्यानं बोरच्या डोंगरात पायवाटा करायला घेतल्या, तेव्हाची ही टोळी. मुकादम शेषरावभाऊ. बायांची पुढारी गिरजाबाई; तिच्या लोखंडी सब्बलीपेक्षा तोंडाला धार जास्त. आणि मी, मॅट्रिकला आपटलेला, म्हणून मोजायची टेप माझ्या हातात!

*

नवे रेंजरसाहेब पुण्याकडचे. पहिल्याच दिवशी जीपमधून उतरले आणि जोशात म्हणाले, "मंडळी, उन्हाळा संपायच्या आत या डोंगराची वाट लावायची!"

शेषरावभाऊंनी टोपी नीट केली. "साहेब, आजवर कामाची वाट लावली म्हणून बोलणे खाल्ले. आता तं ऑर्डरच भेटली!"

साहेब आधी लाल झाले, मग सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. त्या दिवसापासून साहेब आमचे!

*

वाटेची लाईन चुन्यानं मारायची. एकदा चुन्याची पिशवी उघडीच टाकून आम्ही पाणी प्यायला गेलो. परत येऊन पाहतो तर माकडांचा धिंगाणा! पांढरे पंजे दगडावरून सागावर, सागावरून पलीकडच्या मोहावर.

नेमके तेव्हाच साहेब आले. "अरे, ही लाईन झाडावर कशी गेली?"

गिरजाबाईनं पदर खोचला. "पुलाचं माप घेऊन राह्यलो, साहेब!"

*

अर्ध्या चढावर एक धोंडा वाट अडवून बसला होता. आम्ही त्याचं नाव ठेवलं 'जावई', कारण कितीही करा, तो काही उठत नव्हता. सुरुंग लावायची परवानगी येईना. वळसा घ्यावा तर खाली दरी.

शेवटी एका सकाळी गिरजाबाई म्हणाली, "काऊन वाट पाहता? बाया अन् माणसं, सारे एकदम लागा!"

खालची वाट मोकळी आहे ना, ते भाऊंनी पाहिलं. मग धोंड्याखाली जेवढ्या मावल्या तेवढ्या सब्बली घातल्या. साहेबांनीही बुशशर्ट काढून झाडाला टांगला. "हो हय्या! हो हय्या!" धोंडा कुरकुरला, डुलला आणि झाडोरा मोडत थेट नाल्यात! डोंगरभर आरोळी उठली.

गिरजाबाईनं खाली वाकून हात जोडले. "जावईबापू, आता दिवाळीलेच येजो!"

*

एका सकाळी नुकत्याच ठोकून काढलेल्या वाटेवर वाघाचे ताजे पंजे! आमच्या आधी आमच्या वाटेवरून वाघ चालून गेला होता. भाऊंची छाती फुगली. "पास केलं रे! आता कोण्या इंजिनिअरची सही पाह्यजे?"

मी पंज्यांकडे पाहिलं. "भाऊ, पास तं केलं. पण तो वर गेला, अन् आपलं आजचं काम बी वरतंच हाय!"

*

आमच्यातला मारोती डोंगरापलीकडच्या गावचा. त्या गावात कोणी पोरगी देत नसे. अलीकडच्या गावातल्या एका काकाजींची पोरगी त्याला पसंत, तिलाही तो पसंत. पण काकाजी अडून बसलेले. "वाट नाई त्या गावाले! पोरगी माहेरी येईन कशी?"

भाऊ स्वतः त्यांच्या ओसरीवर गेले. "काकाजी, वाट करून देतो. मंग?"

"मंग देतो!"

त्या मोसमात मारोतीला हळू कर म्हणावं लागायचं!

वाट झाली. उद्घाटनाला वर्ध्याहून मोठे साहेब येणार होते. पायथ्याशी लाल फीत बांधली आणि आम्ही उभे राहिलो. ऊन चढलं, साहेबांचा पत्ता नाही. तेवढ्यात वरून डफडं ऐकू आलं. मारोतीची वरात नव्या वाटेनं उतरत होती!

भाऊ आडवे आले. "थांबा! साहेबाले येऊ द्या!"

"मुहूर्त जाऊन राह्यला, भाऊ!" मारोती ओरडला. फितीपलीकडे काकाजी हार घेऊन उभे. त्यांनी वर डोंगराकडे पाहिलं, मग मारोतीकडे, आणि म्हणाले, "या!"

मारोतीनं नवरदेवाची लिंबू खोचलेली कट्यार उचलली अन् खटकन फीत कापली! डफडं दणाणलं, अख्खी वरात पलीकडे घुसली. त्याच धुळीत जीप येऊन थांबली. मोठे साहेब उतरले, हातात नवी कोरी कात्री.

गिरजाबाई पुढं झाली. साहेबांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि ओंजळीत अक्षता ठेवल्या.

"फीत तं कटली, साहेब. चला, आता हे टाका!"