जिन्याजवळचा कॉलम

अख्ख्या मुलुंडमध्ये भिंती जर कुणाला घाबरत असतील, तर त्या आमच्या सुपरवायझरसाहेबांना. साहेब निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली, पण त्यांच्या शर्टाच्या खिशातलं रुपयाचं नाणं अजून निवृत्त झालेलं नाही. कुठेही गेले की ते काढून भिंतीवर, फरशीवर, खांबावर टकटक करायची आणि मान तिरकी करून ऐकायचं. आवाज भरीव आला तर नाणं परत खिशात. पोकळ आला तर यजमानाची शोभा. मुलीसाठी घाटकोपरला एक स्थळ बघायला गेले, तर पोहे येईपर्यंत यांनी हॉलमधल्या सात फरशा वाजवल्या आणि मुलाच्या वडिलांना सांगितलं, "तीन पोकळ आहेत. खाली माल भरलेला नाही." ते लग्न तिथेच मोडलं. मुलगी शहाणी. तिने पुढे दिंडोशीचा मुलगा स्वतः शोधला, आणि बापाला त्याचं घर लग्नानंतरच दाखवलं.

शब्दांच्या बाबतीतही तोच खाक्या. कुणी 'सिमेंटची इमारत' म्हणालं की संपलं. "काँक्रीट म्हण रे! तू जेवायला पीठ खातोस की भाकरी?" एकदा एका एजंटने त्यांना फ्लॅटचा सुपर बिल्टअप एरिया सांगितला. साहेब म्हणाले, "तो जिना, तो लिफ्टचा खड्डा तुझ्याकडेच ठेव. दार लावल्यावर माझ्या पायाखाली किती येतं तेवढं सांग." एजंट पुन्हा त्या गल्लीत दिसला नाही. माणसंसुद्धा ते याच मापाने मोजायचे. काँक्रीट ओतलं की त्याला दिवसचे दिवस पाणी पाजावं लागतं, नाहीतर ते वरून कडक आणि आतून कच्चं राहतं. पुतण्याने महिनाभरात नोकरी सोडली तेव्हा साहेबांचा निकाल आला, "स्लॅब चांगला पडला होता, घरच्यांनी पाणी मारलं नाही." माझ्याविषयी मत विचारलं तर म्हणायचे, "हा फार लवकर तापतो. तडे जातील."

तापणारच. चोवीस वर्षांचा होतो, भाड्याच्या ट्रकमधून रेती पुरवायचो. रेल्वे फाटकापलीकडे चार मजली इमारत उभी राहत होती, तिथे साहेब सुपरवायझर होते. मी खाडीची रेती घेऊन गेलो. या माणसाने चिमूटभर उचलून जिभेवर ठेवली, थुंकला, आणि सगळ्या मजुरांसमोर त्याच्या तोंडून कोकण बाहेर पडलं. "मेल्या, ह्या काय हाडलंस? मीठ बरोबर हा, आता फोडणी दी!" मजूर हसले. ट्रक परत गेला, आणि भाडं माझ्या डोक्यावर बसलं. आज माझी तोडकामाची कंपनी आहे, दोन पोकलेन आहेत, लोक मला शेठ म्हणतात. साहेब भर रस्त्यात हाक मारतात, "ए रेतीवाल्या!" हे मी विसरलेलो नाही.

आता मी काय केलं तेही सांगून टाकतो. त्या ट्रकनंतर आठवड्याभरातच साहेबांचे वडील गेले आणि ते गावी गेले. साइटवरची रेती संपली होती, ठेकेदाराला घाई होती. मी तीच खारट रेती तिथे नेऊन ओतली. तिसऱ्या मजल्यावरचा जिन्याजवळचा कॉलम तिच्यातच भरला गेला. साहेब चौदाव्या दिवशी परत आले ते घरी न जाता, डोक्याचं मुंडण, खांद्यावर पिशवी, तसेच साइटवर. तो कॉलम वाजवला. परत वाजवला. "रेती कुठली?" गवंडी म्हणाला, "नेहमीचीच." साहेबांना ते पटलं नाही. पुढे त्यांनी समोरच्याच चाळीत खोली घेतली, आणि अडतीस पावसाळे त्या इमारतीचे तीन जिने चढून तो कॉलम वाजवत राहिले. तिथली मुलं त्यांना 'कॉलमआजोबा' म्हणायची.

गेल्या वर्षी ती इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. जुनं बांधकाम, पटापट पडेल, असा विचार करून मी भाव पाडून तोडकाम घेतलं आणि तोंडावर आपटलो. गच्चीचा स्लॅब हलेना. ब्रेकरच्या छिन्न्या बोथट झाल्या. साहेब समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकून, छत्री उघडून बसलेले.

"काय रे रेतीवाल्या, दमला काय तुझा ब्रेकर?"

"साहेब, थोडं कच्चं बांधलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं?"

"एकवीस दिवस पाणी पाजलंय त्याला. तुझ्या बापाला ऐकायचा नाही तो!"

असं रोज चालायचं. मग एका सकाळी ते खुर्चीवरून उठून जवळ आले, आवाज खाली करून म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरचा तो कॉलम फोडशील तेव्हा मला बोलव. त्या दिवशी मी इथे नव्हतो रे. वर लोक राहत होते. आत काय आहे ते एकदा बघू दे मला." माझ्याकडे त्यांनी आयुष्यात मागितलेली ही एवढी एकच गोष्ट.

दुपारी ते जेवायला गेले, आणि मी त्याच कॉलमला ब्रेकर लावायला सांगितलं. मला त्यांना वाचवायचं होतं की स्वतःला, ते अजूनही सांगता येत नाही. बाकीच्या कॉलमला अर्धा अर्धा दिवस लागत होता, हा वीस मिनिटांत बसला. आतली सळी रेतीतल्या मिठाने गंजून पापडासारखी सुटत होती. अख्ख्या इमारतीत माझ्या फायद्याचा तेवढा एकच कॉलम निघाला, आणि तोही माझ्याच रेतीचा. मी तो राडारोडा खाली ढकलायला लावला आणि शेजारच्या कॉलमचं एक ढेकूळ रुमालात बांधून घेतलं.

संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेलो. खिडकीत रेती तपासायच्या जुन्या बाटल्यांची रांग होती.

"बोलावलं नाहीस," साहेब म्हणाले.

"वर जिना उरला नव्हता, साहेब. चढला असतात कसे?"

"कसा होता?"

"सगळ्यात जास्त त्यानेच रडवलं." मी ढेकूळ पुढे केलं.

त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं. हात सवयीने खिशाकडे गेला, नाण्यापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. रिकामाच बाहेर आला. ढेकूळ त्यांनी बाटल्यांच्या शेजारी ठेवलं आणि आतल्या बाजूला आवाज दिला, "अगं, रेतीवाला आलाय. चहा टाक."

त्यांना काय माहीत होतं, काय नव्हतं, मी विचारलं नाही. ट्रक परत पाठवल्याचा राग अजून आहेच, तो जायचा नाही. पण माझ्या हातचा माल या माणसाने जन्मात पहिल्यांदा न तपासता घेतला, आणि चाळीचा जिना उतरताना मला वाटत राहिलं, एकदा वाजवून बघायला हवं होतं त्यांनी.