नाचून दमलेल्यांच्या मावशी

बावीस वर्षं मावशींनी दुसऱ्यांची मुलं झोपवली. त्यांच्या राहत्या दोन खोल्यांतच पाळणाघर होतं. आतल्या खोलीत ओळीनं गाद्या, आणि दुपारी एक ते तीन बोलायची सक्त मनाई. पोस्टमनसुद्धा बेल न वाजवता पत्र दाराखालून सरकवायचा. मूल कितीही किरकिरं असो, मावशींच्या हाताखाली पंधरा मिनिटांत गार. आया विचारायच्या, "आमच्याकडे रात्रभर नाचवतो हो हा! तुम्ही करता तरी काय?"

"थोपटते. तुम्हीही थोपटता, पण त्यानं डोळे मिटले रे मिटले की हात काढून घेता. थोपटणं एकदम थांबलं की मूल दचकतं. हात हळू करत न्यायचा, इतका हळू की कधी थांबला ते त्याला कळूच नये."

पुढे गुडघे कुरकुरायला लागले आणि पाळणाघर बंद झालं. रिकामी घरं खायला उठतात म्हणतात, ते खोटं नाही. अशात एका संध्याकाळी बहिणीचा मुलगा तोंड पाडून दारात उभा. एका इमारतीच्या तळघरात त्याचा नाचाचा क्लब होता. वरच्या मजल्यावर एक नर्स राहायची, तिची पहाटेची ड्युटी. क्लब सुटला की पोरं-पोरी फुटपाथवर येऊन तासभर ओरडायची, गायची, कधी एकमेकांच्या अंगावर जायची. नर्सबाईंनी तक्रार केली, आणि घरमालकानं बजावलं: महिन्याभरात रस्ता शांत झाला नाही तर तळघर खाली करा.

"मावशी, आतला आवाज वर जात नाही गं. बाहेरचाच त्रास. एक वाजता आम्ही गाणी बंद करून दिवे लावतो..."

"एकदम?"

"मग काय, हप्त्याहप्त्यानं?"

"गाढवा, मग दचकतीलच ना ती!"

शुक्रवारी मावशी स्वेटर घालून, कानात कापूस कोंबून क्लबच्या दारात हजर झाल्या. दारवान म्हणाला, "आजी, चुकलात. दवाखाना पलीकडच्या गल्लीत."

"चुकले नाही. आणि आजी कुणाला म्हणतोस? मावशी म्हण."

गाणी लावणारी मुलगी हुशार होती. सव्वाबाराला मावशी तिच्याशेजारी स्टुलावर बसल्या आणि टेबलावर हातानं ठेका धरला. ठेका जसा मंदावेल तसं तिनं गाणं निवडायचं. धडधड ओसरली, शब्द गेले, नुसतीच संथ, लांब सुरावट उरली.

"याहून हळू आहे का गं?"

"आहे. पण मग लोक निघून जातील."

"अगं, तेच तर हवंय!"

पण लोक गेले नाहीत. दीड वाजता अकरा जण सोफ्यांवर गाढ झोपले होते, एक जोडपं एकमेकांच्या खांद्यावर उभ्याउभ्याच पेंगत होतं, आणि दारवान खुर्चीत घोरत होता. एका मुलीच्या पर्समध्ये फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. मावशी स्टुलावरून उठल्या. पाळणाघरात मूल झोपलं की काम संपायचं, न्यायला आई यायची. इथे कोण येणार होतं? प्रत्येकाला आपल्या पायांनी घर गाठायचं होतं, आणि तिकडे कुणीतरी दाराकडे कान लावून बसलं असणार. त्यांनी एकेकाला हलवून उठवलं. अर्धवट झोपेतली मंडळी चिडचिडत वर गेली, टॅक्सीवरून भांडली, आणि नर्सबाईंच्या खिडकीत दिवा लागला.

"झालं!" भाच्यानं कपाळाला हात लावला.

"झालं काय? चुकलं माझं. उद्या सुधारू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या घरात फेऱ्या मारून बघितलं. दमलेला माणूस रमतगमत चालतो तो वेग ठरवला. ठेका तिथपर्यंत उतरवायचा, त्याच्याखाली नाही. डोळे जड झाले तर हरकत नाही, पण पायात जीव उरला पाहिजे. दिवे एकेक करून लावायचे. आणि जिन्यात एक छोटा स्पीकर, त्यावर तीच सुरावट अगदी बारीक, म्हणजे गाणं आत संपायचंच नाही. माणूस वर चढेल तसं ते मागे राहील, आणि नेमकं कुठे ऐकू येईनासं झालं हे त्याला सांगता येणार नाही.

त्या रात्री मंडळी जांभया देत, कोटाची बटणं लावत, हळू आवाजात बोलत गेली. पुढच्या रात्रीही. मग तीन आठवडे तेच.

महिना संपला त्या दिवशी संध्याकाळी नर्सबाई स्वतः खाली आल्या. भाच्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"काल बंद होतं का तुमचं?"

"नाही हो. काल तर पाय ठेवायला जागा नव्हती. ही सगळी मावशींची करामत."

नर्सबाईंनी त्याला नीट न्याहाळलं, मग स्टुलावरच्या मावशींना. तिथेच त्यांनी घरमालकाला फोन लावला. "राहू द्या त्यांना. हो, मीच सांगतेय. पण इथे एक बाई ठेवल्यात, त्यांना कधी काढायचं ठरलं तर मला आधी कळवा."

"काढतोय कसा!" मावशी म्हणाल्या. "मीच झोपवून मोठा केलाय त्याला."

नर्सबाई हसत वर गेल्या. भाचा कोपऱ्यात जाऊन उगाचच पेले पुसत राहिला. मावशींनी कानात कापूस कोंबला आणि गाणी लावणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "हं, कर सुरू तुझी धडधड. पोरांना नाचू दे आधी पोटभर."