झाडाला टांगलेला बिल्ला

बेळगाव स्टेशनवर गार्ड आमच्या आबांना सांगत होता की कुत्रा त्याच्या डब्यातल्या पेटीतूनच जाईल. आबा त्याला सांगत होते की मग मीही त्याच पेटीत बसतो. एकसष्ट सालचा उन्हाळा होता. आबांच्या एका हातात चार कोंबड्यांचं डालगं, वर फडकं बांधलेलं. दुसऱ्या हातात हौशाची दोरी. आई जाऊन वर्ष झालं होतं. बेंगळूरला चला म्हणायला मी तीनदा गावी आलो होतो आणि तिसऱ्या खेपेला आबा म्हणाले होते, "हौशा येत असंल तर येतो. कोंबड्या तुझ्या आईच्या, त्याबी येतील. मला एकट्याला न्यायचं असंल तर फोटो काढ आणि तो ने."

निरोपाला निम्मा गाव आला होता. आबा तालमीचे वस्ताद, त्यामुळे तालमीतले गडी डोळे पुसत होते. गाडी हलली तेव्हा पेटीतून हौशाचं केकाटणं ऐकू आलं. मग धारवाड, हुबळी, हावेरी, अरसीकेरे, जिथं गाडी थांबे तिथं आबा उतरून गार्डच्या डब्यापर्यंत धावत आणि ओरडत, "हाय रं, मी हाय!" दोन स्टेशनांनंतर गार्डच त्यांची वाट बघायला लागला. "वस्ताद, तुमचा पैलवान पाणी प्याला," असं त्यानं हावेरीला सांगितलं.

आपल्या गावच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी 'गाव सोडल्याच्या गोड आठवणी' पाठवा, असं तुमचं पत्र आलं. गोड आठवण होती ती ही, एवढीच. आता पुढची ऐका. आबा सात महिन्यांत परत का आले याची एक गोष्ट तुम्ही गेली पन्नासहून अधिक वर्षं सांगत आहात: शहरातल्या सुनेला सासरा जड झाला, कोंबड्यांची घाण नको झाली, तिनं म्हाताऱ्याला हाकललं. पारावर सांगता, लग्नात सांगता. ती सून, माझी बायको इंदू, गेल्या श्रावणात गेली. तिनं तुम्हाला कधी उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. ते आता करतो आहे.

मी गावातला पहिला पदवीधर. बी. एस्सी. झालो आणि बेंगळूरच्या दक्षिणेला एका कारखान्याच्या तपासणी विभागात लागलो. कारखान्याची स्वतःची वसाहत होती. दोन खोल्या, मागं हातभर अंगण, नळाला पाणी. मला तो राजवाडा वाटे. शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं की ज्यानं एक घास दिला त्याला जन्मभर विसरू नये, आणि मी तर पोटभर जेवत होतो. फाटकावरच्या पहारेकऱ्यालासुद्धा मी नमस्कार करत असे.

इंदू मिरजेची, पोस्टमास्तरांची मुलगी. कोंबडी तिनं फक्त बाजारात पाहिलेली. आबा आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्यातून आलेल्या लाकडी खोक्यांच्या फळ्या सुट्या करून अंगणात खुराडं ठोकलं. हातोडी तिची, सूचना आबांच्या.

"सूनबाई, दार पूर्वेला कर. ऊन लागलं की आपोआप उठत्यात."

"मामंजी, तुमच्या कोंबड्या सूर्यनमस्कार घालतात की काय?"

"घालत्यात. तुझ्या नवऱ्यापेक्षा बरं घालत्यात."

दोन महिन्यांत इंदू खुडूक कोंबडी नुसती आवाजावरून ओळखू लागली. आबांनी तिला अंडी दिव्यासमोर धरून बघायला शिकवलं, कुठल्यात जीव आहे, कुठल्यात नाही. पहिली पिल्लं निघाली तेव्हा तिनं शेजारच्या चार घरी वाटीभर गूळ दिला. शेजारच्या कानडी अक्का भिंतीवरून विचारत, "इंदू, मोट्टे इदेया?", म्हणजे अंडी आहेत का. इंदू पदरातून दोन काढून देई. घाण, म्हणे. ते अंगण ती स्वतः दोनदा झाडत होती.

आबांची सकाळ मात्र घरात नव्हती. वसाहतीच्या कुंपणापलीकडं रागीची शेतं होती, तळं होतं, निलगिरीची झाडं होती. आज त्या बाजूला जे. पी. नगरची घरं आहेत. तेव्हा तिकडं कोल्हे होते. उजाडायच्या सुमाराला आबा आणि हौशा तळ्याला दोन फेऱ्या पळत. मग एका निलगिरीखाली आबांनी हाताएवढी खोल, खाटेएवढी लांब जागा खणली. इंदूकडून ताक, तेल आणि हळद मागून घेतली, ती मातीत कालवली आणि परक्या मुलखात तालीम उभी केली. जोर, बैठका, मुद्गलाच्या जागी झाडाचा ओंडका. महिन्याभरात वसाहतीतले पाच-सहा कामगार यायला लागले. ते आबांना 'अज्जा' म्हणत. बेळगावकडची आबांची कानडी ऐकून पोट धरून हसत आणि आबा त्यांना त्याच कानडीत शिव्या देत बैठका मोजायला लावत. मी रविवारी जाई. आईच्या माघारी मी आबांना हसताना पाहिलं ते त्या झाडाखाली.

आपल्या तालमीचा नियम तुम्हाला सांगायला नको. मातीत उतरायचं तर गळ्यात काही ठेवायचं नाही. ताईत, साखळी, जानवं, सगळं काढून खुंटीला. "देवसुद्धा बाहेर काढून ठेवायचा," आबा म्हणत. "माती आणि माणूस, मध्ये कुणी नको." हा नियम ते हौशालाही लावत. तो काही मातीत उतरत नसे, भोवती फिरत राही. पण तालमीच्या जागी आला की त्याच्या गळ्यातली दोरी सुटे. गावात नऊ वर्षं हेच चाललं होतं.

पावसाळ्यानंतर वसाहतीच्या कचेरीनं छापील पत्रक काढलं. कुत्रा पाळणाऱ्यानं अर्ज करून पितळी बिल्ला घ्यायचा, तो पट्ट्याला लावून कुत्र्याच्या गळ्यात ठेवायचा, वसाहतीत किंवा कुंपणाच्या आसपास गळ्यात बिल्ला नसलेलं कुत्रं धरून मारण्यात येईल. मी त्याच संध्याकाळी अर्ज भरला. जात या रकान्यात 'गावठी' असं लिहिताना थोडा थांबलो, पण लिहिलं. बिल्ला आला, मी तो चिंचेनं घासून पट्ट्यात बसवला. आबा कौतुकानं म्हणाले, "हौशा सरकारी नोकरीत लागला की रं!"

आणि पुढच्या रविवारी मी पाहिलं, निलगिरीच्या फांदीला आबांचा ताईत टांगलेला आहे आणि त्याच्या शेजारी हौशाचा पट्टा, बिल्ल्यासकट.

पत्रक मी वाचलं होतं. आबांना वाचता येत नव्हतं. 'गळ्यात' या शब्दाखाली कचेरीनं रेघ मारली होती. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण समोर सहा माणसं घामानं निथळत होती, आबा मोजत होते, "नव्वद, एक्याण्णव," आणि मला वाटलं, घरी सांगू. घरी वाटलं, एवढं काय, पट्टा तिथंच तर असतो. नियमाला माणसासारखं समजत असेल असं मी धरून चाललो. तीन पिढ्यांत पहिल्यांदा कागद वाचता येणाऱ्या माणसानं तो कागद बापाला वाचून दाखवला नाही.

डिसेंबरात एका सकाळी, मी पाळीवर असताना, पहारेकरी मला बोलवायला आला. फाटकाबाहेर आबा उभे होते. लंगोटावर धोतर नुसतं गुंडाळलेलं, छातीला माती, हातात पट्टा. झाडापासून कारखान्यापर्यंत दोन मैल ते तसेच धावत आले होते.

कचेरीची जाळीची गाडी आली होती. दोन माणसांनी लांब चिमट्यानं हौशाला मानेत धरलं. आबांनी त्यांना फांदीवरचा पट्टा दाखवला, बिल्ल्यावरचा आकडा दाखवला. त्यावर त्यातला एकजण हसून म्हणाला, "बिल्ला झाडाला आहे अज्जा. सरी, ठीक आहे, मग झाडाला सोडतो आम्ही." आणि कुत्र्याला घेऊन गेले.

आबांना सायकलवर मागं बसवून मी कचेरीत पोचलो. गाडी कचेरीच्या मागंच उभी होती. आबांचा वास लागताच हौशा भुंकायला लागला. आबा ओरडले, "हाय रं, मी हाय!" मी त्यांना म्हणालो, "आबा, इथं ओरडू नका." हे मी बोललो. त्यांना बाहेर बाकावर बसवून मी एकटा आत गेलो.

अधिकारी कॉफी पीत होते. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "स्वल्प बसा," म्हणाले. "तोंडी चालत नाही. लेखी अर्ज द्या, मी विचार करतो." त्यांनी कागद दिला. मी त्यांचे आभार मानले आणि लिहायला बसलो.

पहिला कागद खाडाखोडीचा झाला. तो मी चुरगाळला. अधिकाऱ्यापुढं खाडाखोड केलेला अर्ज ठेवायचा नाही, हे मी शिकलो होतो. दुसऱ्या कागदावर समास सोडला, विषय लिहिला, खाली रेघ मारली. 'आदरपूर्वक सादर करतो की' या अर्थाच्या इंग्रजी वाक्यानं सुरुवात केली. एक शब्द चुकला. तिसरा कागद मागून घेतला. मागच्या अंगणातून भुंकणं येत होतं आणि मी अक्षर वळणदार काढत होतो. सहीच्या वेळी लक्षात आलं की भुंकणं थांबलं आहे.

साहेबांनी अर्ज वाचला. "चांगलं इंग्रजी आहे तुमचं," म्हणाले. मग शिपायाला मागं पाठवलं. तो येऊन मान हलवून उभा राहिला. "सॉरी," साहेब म्हणाले. "गाडीवाल्यांचं वेळापत्रक असतं."

मी म्हणालो, "थँक्यू, सर."

हे आबांखेरीज मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. बाकावरून उठताना आबांनी विचारलं, "काय म्हनाला?" मी सांगितलं. नोकरी, खोल्या, नळ सगळं डोळ्यांपुढं ठेवून मी साहेबांशी बोललो होतो, पण आबांच्या पुढच्या प्रश्नालाही मी खरं उत्तर दिलं, कारण त्यांच्याशी खोटं मला कधी जमलं नाही.

"तू काय म्हनालास शेवटी?"

"थँक्यू म्हणालो."

"मारल्याबद्दल?"

सायकलवर ते बसले नाहीत. चालत घरी आले. तिसऱ्या दिवशी गावच्या गाडीत बसले. इंदूनं त्यांचे पाय धरले, नका जाऊ म्हणून हमसून रडली. ते तिला म्हणाले, "सूनबाई, तुझ्यावर राग न्हाई. कोंबड्या तुला ठेवल्यात. तुझ्या हाताला लागल्यात त्या." बायको गेल्यावर उरलेली तिची एकमेव चीज माणूस कुणाला देतो? हाकलणारीला? माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. पट्टा ते घेऊन गेले.

गावी ते अकरा वर्षं जगले. कुत्रं पाळलं नाही. आणि खरं कारणही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पोराची लाज गेली असती. ती त्यांनी राखली. तुम्ही मोकळी जागा बघून तिथं इंदूला बसवलंत.

आबांच्या दिवसाला आम्ही आलो तेव्हा स्वयंपाकघरात एकीनं तिला तोंडावर म्हटलं, "आता आलीस व्हय? कोंबड्या राहिल्या का कुनापाशी?" मी दारात उभा होतो. इंदूनं माझ्याकडं पाहिलं. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेलो. आईच्या कोंबड्यांची पिलावळ तिनं त्यानंतरही, वसाहत सोडेपर्यंत, सांभाळली.

आता मी जे. पी. नगरमध्ये राहतो. सकाळी लोक भारी बूट घालून, महागाचे पट्टे बांधलेली कुत्री घेऊन पळतात आणि याला आरोग्य म्हणतात. दुकानदार मला कौतुकानं सांगतो, "सर, नाटी अंडी आहेत, गावठी कोंबडीची." मी घेत नाही. माझा या शहरावर राग आहे, त्या साहेबांवर आहे, तुमच्यावर आहे. पण पहाटे पाच वाजता डोळे उघडले की ज्याच्यावर राग असतो तो माणूस टेबलाशी बसून तिसऱ्या कागदावर समास सोडत असतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलं आहे, आता तुमचं घर कोणतं? गावच, असं मी पूर्वी बेधडक लिहिलं असतं. ज्या गावात इंदू सासऱ्याला हाकलणारी म्हणून ओळखली जाते, तिथं मला घर नाही. हे छापा. वाचता येत नाही त्यांना पारावर मोठ्यानं वाचून दाखवा. वाचून न दाखवण्याचं काय होतं ते वर लिहिलं आहे. ते झालं की कळवा, मी येईन.

आणि लेखाबद्दल आभाराचं पत्र पाठवू नका. मीही पाठवणार नाही.